वेब ॲपचा मेन्यू कुठे ठेवावा? वर, डावीकडे, खाली की तीन रेघांच्या मागे?

२०२४ च्या मार्चमध्ये अँड्रॉइड फोनवरच्या व्हॉट्सॲपमध्ये एक बदल झाला. चॅट्स, अपडेट्स, कॉल्स ही बटणं तोवर स्क्रीनच्या वरच्या बाजूला होती, ती खाली आली. बदल फक्त जागेचा होता. तरीही पुढचे काही दिवस अनेकांचा अंगठा सवयीने वरच जात राहिला. आयफोन वापरणाऱ्यांना मात्र काहीच वेगळं वाटलं नाही, कारण त्यांच्याकडे ही बटणं आधीपासून खालीच होती.

बटणांच्या या पट्टीला नेव्हिगेशन मेन्यू म्हणतात. ॲपमध्ये काय काय आहे, आपण आत्ता कुठे आहोत आणि इथून कुठे जाता येईल, या तीन प्रश्नांची उत्तरं मेन्यू देतो. फोनवरच्या ॲपला तो लागतो, तसा ब्राउझरमध्ये चालणाऱ्या वेब ॲपलाही लागतो.

आज वेब ॲप फक्त मोठ्या कंपन्यांची राहिलेली नाहीत. सोसायटी, क्लासेस, पतसंस्था, छोटी दुकानं असे सगळेच ती करून घेतात. करून घेताना रंग कोणता, लोगो कुठे, यावर तासभर चर्चा होते. मेन्यूचा विषय मात्र ‘ते डेव्हलपर बघेल’ म्हणून सोडून दिला जातो. पुढे जाऊन लोकांना काय सापडतं आणि काय सापडत नाही, हे त्या सोडून दिलेल्या गोष्टीवरच ठरतं.

थोडक्यात सांगायचं तर

- कॉम्प्युटरवर वापरायचं आणि विभाग जास्त असतील, तर डावीकडचा उभा मेन्यू.
- कॉम्प्युटरवर पण विभाग मोजकेच असतील, तर वरची आडवी पट्टी.
- मुख्यतः मोबाइलवर वापरायचं असेल, तर खालची पट्टी, तीही ३ ते ५ बटणांची.
- तीन रेघांमागचा मेन्यू दुय्यम गोष्टींसाठी. मुख्य कामं त्यात लपवू नयेत.
- आधी कामांची यादी, मग मांडणी. उलट क्रमाने केलं की चुकतं.

आता हे असं का, ते सविस्तर पाहू.

वेबसाइट आणि वेब ॲप यांत फरक काय?

वेबसाइटवर आपण बहुतेक वेळा वाचायला जातो. एखादी बातमी वाचली, दुकानाची वेळ पाहिली आणि बाहेर पडलो. वेब ॲपमध्ये आपण काम करायला जातो. जीमेलमध्ये मेल लिहितो, गुगल ड्राइव्हमध्ये फाइल ठेवतो, बँकेच्या पोर्टलवर पैसे पाठवतो.

या फरकाचा मेन्यूशी थेट संबंध आहे. वेबसाइटवर येणारा माणूस कदाचित पुन्हा येणारही नाही, म्हणून तिथला मेन्यू पहिल्या नजरेत कळला पाहिजे. वेब ॲपमध्ये तोच माणूस रोज येतो आणि एका विभागातून दुसऱ्यात दिवसभर ये-जा करतो. त्यामुळे तिथला मेन्यू कळायला सोपा हवाच, शिवाय एकाच जागी स्थिर हवा. डोळ्यांनी शोधण्याआधी हात तिथे पोचला पाहिजे.

मेन्यूच्या मुख्य मांडण्या

*१. वरची आडवी पट्टी*

पानाच्या माथ्यावर एका ओळीत पाच-सात शब्द. ही सगळ्यांच्या ओळखीची मांडणी आहे. पानाची पूर्ण रुंदी मजकुराला मिळते, त्यामुळे मोठे तक्ते किंवा नकाशे दाखवायचे असतील तर ती सोयीची पडते.

अडचण आडव्या जागेची. आज सहा विभाग असतात, वर्षभरात नऊ होतात, आणि मग ओळ पुरत नाही. त्यावर उपाय म्हणून एका शब्दाखाली उघडणारी यादी, म्हणजे ड्रॉपडाउन, जोडली जाते. खरेदीच्या मोठ्या साइटवर तिचंच मोठं रूप दिसतं. एका शब्दावर गेलं की गटागटाने मांडलेला मोठा चौकोन उघडतो, त्याला मेगा मेन्यू म्हणतात. शेकडो प्रकारचा माल असेल तिथे तो उपयोगी ठरतो. दहा विभागांच्या ॲपला त्याची गरज नसते.

*२. डावीकडचा उभा रकाना*

जीमेल कॉम्प्युटरवर उघडलं की डावीकडे इनबॉक्स, सेंट, ड्राफ्ट्स अशी यादी दिसते, ती ही मांडणी. ट्विटरनेही २०१९ मध्ये कॉम्प्युटरवरची रचना बदलताना वरचा मेन्यू डाव्या रकान्यात आणला.

उभ्या यादीला वाढायला जागा असते. सहाचे बारा विभाग झाले तरी मोडतोड करावी लागत नाही, आणि मध्ये छोटी शीर्षकं देऊन गट पाडता येतात. आपली लिपी डावीकडून उजवीकडे जाते, त्यामुळे सगळ्या ओळींची सुरुवात एकाखाली एक येते आणि नजर झरझर खाली उतरते. उर्दू किंवा अरबी ॲपमध्ये हाच रकाना उजवीकडे ठेवतात.

तोटा असा की रुंदी खर्च होते. छोट्या लॅपटॉपवर हिशेबाचा तक्ता आणि रकाना एकमेकांची जागा खातात. म्हणून हा रकाना मिटवून नुसती चिन्हं ठेवायची सोय अनेक ॲप देतात. ती सोय असावी, पण सुरुवातीला रकाना उघडा आणि शब्दांसह असावा.

*३. खालची टॅब पट्टी*

इन्स्टाग्राम, यूट्यूब, व्हॉट्सॲप या सगळ्यांच्या तळाशी दिसते तीच. एका हातात फोन धरला की अंगठा जिथे सहज पोचतो, तिथे ही पट्टी असते. गुगलची मार्गदर्शक तत्त्वं या पट्टीत ३ ते ५ ठिकाणं ठेवायला सांगतात. आयफोनवर पाचपेक्षा जास्त टॅब झाले की उरलेले ‘मोअर’खाली जातात.

वेब ॲपमध्ये मात्र एक गोष्ट तपासावी लागते. तळाशी ब्राउझरची स्वतःचीही पट्टी असू शकते. आयफोनच्या सफारीत २०२१ पासून पत्त्याची पट्टी खाली आली आहे. आपली बटणं तिला चिकटली, तर ‘बिल’वर टेकवलेलं बोट ब्राउझरच्या बटणावर पडतं. म्हणून खऱ्या फोनवर, खऱ्या ब्राउझरमध्ये पाहिल्याशिवाय ही मांडणी पक्की करू नये.

*४. तीन रेघांमागचा मेन्यू*

पावाच्या दोन भागांत टिक्की असावी तशा दिसणाऱ्या या चिन्हाला ‘हॅम्बर्गर’ म्हणतात. ते मोबाइलच्या जमान्यातलं वाटतं, पण १९८१ मध्ये बाजारात आलेल्या ‘झेरॉक्स स्टार’ या कॉम्प्युटरसाठी नॉर्म कॉक्स या डिझायनरने ते काढलं होतं. तीन रेघा म्हणजे यादीतल्या तीन ओळी. दाबलं की यादी उघडते, एवढाच त्याचा अर्थ. पुढे स्मार्टफोन आले, स्क्रीन लहान झाली आणि हे चिन्ह सगळीकडे पसरलं.

त्याचा मोठा फायदा म्हणजे जागा वाचते. तोटाही त्यातूनच येतो. आत काय आहे हे उघडल्याशिवाय कळत नाही, आणि उघडायचं कारणच नसेल तर माणूस उघडत नाही.

*५. शोधपेटी*

ही मेन्यूच्या जागी नाही, त्याच्या सोबतीला असावी. शेकडो सभासद, हजारो पावत्या असतील तर शोधपेटी हवीच. पण काय शोधायचं हे ज्याला माहीत आहे, त्यालाच ती उपयोगी पडते. ‘ना-हरकत प्रमाणपत्र इथूनच मिळतं’ हे ज्याला ठाऊक नाही, तो तो शब्द टाइप कशाला करेल?

संशोधन काय सांगतं?

निल्सन नॉर्मन ग्रुप ही वापरसुलभतेवर काम करणारी संस्था आहे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या अभ्यासात १७९ जणांना सहा साइटवर कामं करायला दिली होती. कॉम्प्युटरवर मेन्यू लपवलेला असताना लोकांनी तो २७ टक्के वेळा वापरला, समोर दिसत असताना ४८ टक्के वेळा. मोबाइलवर पूर्ण लपवलेला मेन्यू ५७ टक्के वेळा वापरला गेला. काही बटणं समोर आणि बाकीची आत, अशी सरमिसळ केली तेव्हा हे प्रमाण ८६ टक्क्यांवर गेलं.

मोठ्या कंपन्यांनीही हेच अनुभवलं. फेसबुकने आयफोनवरचा डावीकडून सरकत येणारा मेन्यू सोडून २०१३ च्या सप्टेंबरमध्ये खालची पट्टी आणली. स्पॉटिफायने २०१६ मध्ये तसंच केलं. चाचणीत मेन्यूतल्या गोष्टींवरचे क्लिक ३० टक्क्यांनी वाढल्याचं कंपनीने तेव्हा सांगितलं होतं.

हातांचाही अभ्यास झालेला आहे. २०१३ मध्ये स्टीव्हन हूबर यांनी रस्त्यावर, बसस्टॉपवर, कॅफेत फोन वापरणाऱ्या १,३३३ जणांचं निरीक्षण केलं. त्यांतल्या स्क्रीनला बोटाने स्पर्श करणाऱ्यांपैकी ४९ टक्के लोक एकाच हाताने फोन वापरत होते. मोबाइलवरची मुख्य बटणं तळाशी का सरकली, याचं एक कारण इथे सापडतं.

याच्याही आधी, १९५४ मध्ये, पॉल फिट्स या मानसशास्त्रज्ञाने एक नियम मांडला होता. लक्ष्य जितकं लांब आणि जितकं लहान, तितका तिथे पोचायला वेळ जास्त. म्हणून बटण जवळ हवं आणि मोठं हवं. बोटाने दाबायचं बटण किमान ४४ पॉइंट असावं असं ॲपल सांगते, गुगल ४८ डीपी सांगते. दोन्ही मापं साधारण बोटाच्या टोकाएवढी होतात.

एक गैरसमजही दूर करू. ‘मेन्यूत सातच गोष्टी असाव्यात’ असा नियम अनेक जण ठामपणे सांगतात. त्याचं मूळ जॉर्ज मिलर यांच्या १९५६ च्या प्रसिद्ध लेखात शोधलं जातं. तो लेख माणूस एका वेळी किती गोष्टी लक्षात ठेवू शकतो याबद्दल होता. मेन्यू लक्षात ठेवायचा नसतो, तो समोर दिसत असतो. चार गटांत नीट मांडलेल्या बारा गोष्टी एका ढिगातल्या सात गोष्टींपेक्षा लवकर सापडतात.

‘कोणी वापरतच नाही’ हा आकडा फसवा का असतो?

मेन्यू ठरवण्यातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हा आहे.

समजा, ८४ फ्लॅटच्या एका सोसायटीने वेब ॲप केलं. मेंटेनन्सचं बिल पहिल्या पानावर आलं. ‘तक्रार नोंदवा’ मात्र तीन रेघांमागे, सातव्या क्रमांकावर गेलं. सहा महिन्यांनी कमिटीने आकडे पाहिले. बिलाचं पान शेकडो वेळा उघडलं गेलं होतं, तक्रारी जेमतेम चार. कमिटीने निष्कर्ष काढला की इमारतीत सगळं आलबेल आहे, तक्रारींचा विभाग काढून टाकला तरी चालेल.

पण तिसऱ्या मजल्यावर गळती चालूच होती. लिफ्ट मधूनच अडकत होती. लोक वॉचमनला सांगत होते, जिन्यात भेटलेल्या सेक्रेटरींना सांगत होते, नाहीतर व्हॉट्सॲप ग्रुपवर चिडून लिहीत होते. ॲपमध्ये तक्रारीची सोय आहे हे त्यांना दिसलंच नव्हतं.

इथे कमी आकड्याचं कारण मेन्यूत होतं, आणि तो वाचला गेला लोकांची गरज म्हणून. लपवल्यामुळे वापर कमी होतो, वापर कमी म्हणून ती गोष्ट आणखी मागे ढकलली जाते, आणि शेवटी ‘मागणी नाही’ म्हणून बंद होते. एखादी सोय काढून टाकण्याआधी ती महिनाभर डोळ्यांसमोर ठेवून पाहावी. त्यानंतरही कोणी वापरली नाही, तर मग त्या आकड्याला काही अर्थ आहे.

मग निवड करायची कशी?

हीच सोसायटी घेऊन पायरी पायरीने पाहू.

*पायरी १: विभागांची नाही, कामांची यादी करा.* ‘अकाउंट्स मॉड्यूल’ असं लिहू नका. ‘मागच्या महिन्याची पावती काढायची आहे’ असं लिहा. बिल भरणं, पावती काढणं, तक्रार नोंदवणं, नोटीस वाचणं, सभेचं इतिवृत्त पाहणं, भाडेकरूची नोंद करणं, वारस नेमणुकीचा फॉर्म भरणं. प्रत्येक कामापुढे दोन गोष्टी लिहा: कोण करणार आणि किती वेळा.

*पायरी २: ‘किती वेळा’ सोबत ‘किती निकडीचं’ हेही लिहा.* बिल दर महिन्याला लागतं. गृहनिर्माण संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत घ्यावी लागते, म्हणजे सभेची कागदपत्रं वर्षातून थोडेच दिवस लागतात, पण तेव्हा सगळ्यांना लागतात. लिफ्ट बंद पडल्याची तक्रार क्वचितच येते, पण येते तेव्हा थांबायला वेळ नसतो. नुसतं वापराच्या संख्येवरून जागा ठरवली, तर हे शेवटचं काम नेहमी तळाला जाईल. घरात मिसळणाचा डबा हाताशी असतो आणि मोठी परात माळ्यावर. प्रथमोपचाराची पेटी मात्र रोज लागत नसली तरी कोणी माळ्यावर टाकत नाही.

*पायरी ३: गट लोकांना पाडू द्या.* एकेक काम एकेका चिठ्ठीवर लिहा. पाच-सहा सभासदांना बसवा आणि त्यांना पटतील तसे ढीग करायला सांगा. प्रत्येक ढिगाला नावही त्यांनाच द्यायला सांगा. ‘पार्किंगचे पैसे’ कमिटीच्या दृष्टीने हिशेबात जातात, सभासदांच्या दृष्टीने गाडीत. मेन्यूतलं नाव वापरणाऱ्याच्या तोंडचं असावं. खर्च काहीच येत नाही, एक संध्याकाळ पुरते.

*पायरी ४: साधन पाहा.* सभासद मोबाइलवरून येणार. सेक्रेटरी आणि खजिनदार बिलं काढायला, हिशेब लावायला कॉम्प्युटरवर बसणार. म्हणजे एकाच ॲपला दोन मांडण्या लागतील. सभासदांना खालची पट्टी: मुख्य, बिल, तक्रार, नोटिसा, अधिक. कमिटीला डावीकडचा रकाना, चार गटांत: हिशेब, सभासद, इमारत, सभा. मात्र शब्द दोन्हीकडे तेच हवेत. मोबाइलवर ‘नोटिसा’ आणि कॉम्प्युटरवर ‘सूचना फलक’ असं केलं, तर फोनवर कोणाला वाट सांगताना दोघंही गोंधळतात.

*पायरी ५: बनवण्याआधी तपासा.* कागदावर काढलेला मेन्यू पाच जणांना दाखवा. ‘मागच्या महिन्याची पावती कुठे मिळेल?’ असं विचारा आणि गप्प बसा. हे गप्प बसणंच सगळ्यात अवघड असतं. माणूस चुकीच्या जागी बोट ठेवतो आणि आपण लगेच ‘अहो, तिकडे नाही’ म्हणतो. तसं म्हटलं की परीक्षा संपली. पाचपैकी तिघांनी एकाच चुकीच्या जागी बोट ठेवलं, तर पावती तिथे हलवा. तिघांना समजावत बसू नका.

‘अधिक’ म्हणजे माळा करू नका

कुठेच न बसणारी प्रत्येक गोष्ट ‘अधिक’ किंवा ‘इतर’ यात टाकायचा मोह होतो. वर्षभरात तिथे वीस गोष्टी साठतात आणि तो भाग अडगळीचा माळा होतो. ‘अधिक’मध्ये काय आहे, हे नावावरून कोणालाच सांगता येत नाही. दर सहा महिन्यांनी ही यादी उघडून पाहावी. चार गोष्टी एका गटाच्या झाल्या असतील, तर त्यांना स्वतःचं नाव द्यावं.

नुसत्या चिन्हांचंही तसंच आहे. घर, भिंग अशी मोजकीच चिन्हं बहुतेकांना कळतात. कागदाचं चित्र म्हणजे बिल, नोटीस की इतिवृत्त? चिन्हाखाली शब्द हवाच. सासऱ्यांना फोनवरून समजावताना ‘ते कागदासारखं आहे ना, त्यावर दाबा’ असं म्हणायची वेळ आली, की समजावं शब्द राहून गेला.

मराठी मेन्यूच्या खास अडचणी

इंग्रजीत तयार झालेल्या मांडणीत मराठी शब्द ओतले की काही गोष्टी हमखास बिघडतात.

- *उंची:* देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांटी आणि रफार येतो, खाली उकार येतो. पट्टीची उंची इंग्रजी अक्षरांना मोजून ठेवली असेल, तर ‘पूर्ण’चा उकार किंवा रफार कापला जातो. ओळीची उंची थोडी वाढवावी आणि अक्षरही जरा मोठं ठेवावं.
- *लांबी:* जागा पुरली नाही की ॲप शब्द तोडून तीन टिंबं देतं. ‘व्यव…’ म्हणजे व्यवहार की व्यवस्थापन? खालच्या पट्टीसाठी आखूड शब्द निवडावेत.
- *शब्द:* मशीनचं भाषांतर न वाचता लावलं की ‘होम’चं ‘घर’ होतं. ‘मुखपृष्ठ’ किंवा नुसतं ‘मुख्य’ चालतं. ‘सेटिंग्ज’, ‘लॉगिन’, ‘पासवर्ड’ हे शब्द लोकांच्या तोंडात बसलेले आहेत. त्यांच्या जागी अवघड शब्द बसवले, तर मराठी वाचकालाच थबकावं लागतं.
- *रूप:* एका ठिकाणी ‘बिल भरा’, दुसऱ्या ठिकाणी ‘तक्रार नोंदणी’, तिसऱ्या ठिकाणी ‘नोटिसा पाहणे’ अशी सरमिसळ नको. एकच पद्धत धरावी.

ज्यांना माऊस धरता येत नाही त्यांचं काय?

सगळे जण डोळ्यांनी पाहून बोटाने दाबत नाहीत. दृष्टिहीन व्यक्ती स्क्रीन रीडर वापरतात, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर. तीन रेघांच्या बटणाला डेव्हलपरने नाव दिलं नसेल, तर त्यांना फक्त ‘बटण’ एवढंच ऐकू येतं. हात थरथरणाऱ्या माणसाला एकमेकांना चिकटलेली छोटी बटणं दाबता येत नाहीत.

संकेतस्थळांच्या सुगम्यतेसाठी जगभर मानल्या जाणाऱ्या नियमावलीची २.२ ही आवृत्ती २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये आली. दाबायची जागा किमान २४ गुणिले २४ पिक्सेल असावी, जवळपास मोकळी जागा सोडली असेल अशा काही परिस्थिती वगळता, असं ती सांगते. प्रत्येक पानावर मेन्यूचा क्रम तोच असावा, हेही तिच्यात आहे.

डेव्हलपरकडून एवढं तरी करून घ्या: सगळा मेन्यू नुसत्या कीबोर्डने वापरता यावा. आपण कुठल्या विभागात आहोत हे फक्त रंगाने न दाखवता ठळक अक्षर किंवा रेघेनेही दाखवावं. माऊस नुसता वर नेल्यावर उघडणारे मेन्यू टाळावेत, कारण मोबाइलवर बोट ‘वर नेता’ येत नाही, ते थेट टेकतं. आणि प्रत्येक विभागाला स्वतःचा पत्ता, म्हणजे लिंक असावी. तसं असेल तर ‘बॅक’ दाबल्यावर माणूस ॲपमधून बाहेर फेकला जात नाही, आणि नोटिशीची लिंक ग्रुपवर थेट पाठवता येते.

चालू मेन्यू बदलताना

मेन्यू हाताच्या सवयीत बसलेला असतो, म्हणून सुधारणाही लोकांना त्रासाची वाटते. मायक्रोसॉफ्टने २०१२ मध्ये विंडोज ८ मधून ‘स्टार्ट’ बटण काढलं. लोक वैतागले आणि २०१३ च्या विंडोज ८.१ मध्ये ते परत आणावं लागलं. इन्स्टाग्रामने २०२० च्या नोव्हेंबरमध्ये तळाच्या पट्टीत रील्स आणि शॉप आणले, पोस्ट टाकायचं बटण वर गेलं. २०२३ मध्ये शॉपचं बटण पट्टीतून निघालं आणि पोस्टचं बटण पुन्हा खाली मध्यभागी आलं.

यातला दुसरा प्रसंग आणखी एक गोष्ट सांगतो. पट्टीतली जागा म्हणजे रस्त्याकडेचा गाळा. कंपनीला जे विकायचं असतं, ते तिथे येतं. तुमच्या सोयीचं आणि कंपनीच्या सोयीचं दर वेळी एकच असेल असं नाही.

लपवणं मुद्दाम असेल तर?

कधी कधी गोष्ट चुकून मागे राहत नाही, मुद्दाम ठेवली जाते. ‘सबस्क्रिप्शन घ्या’ हे बटण मोठं आणि समोर, ‘सबस्क्रिप्शन रद्द करा’ मात्र पाच पानांच्या आत. असल्या रचनेला डार्क पॅटर्न म्हणतात. भारतात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी यावर मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात १३ प्रकारांची यादी आहे. रद्द करण्याची सोय लपवणं हे ‘सबस्क्रिप्शन ट्रॅप’ या प्रकारात मोडतं. म्हणजे मेन्यूत एखादी गोष्ट कुठे ठेवायची, हा प्रश्न आता डिझायनरच्या आवडीपुरता राहिलेला नाही, ग्राहकाच्या हक्काचाही झाला आहे.

ॲप ताब्यात घेण्याआधी हे विचारा

- रोजची तीन मुख्य कामं एकही यादी न उघडता दिसतात का?
- क्वचित लागणारं पण निकडीचं काम कुठे आहे?
- आपण आत्ता कुठे आहोत, हे प्रत्येक पानावर कळतं का?
- मोबाइल आणि कॉम्प्युटरवर शब्द तेच आहेत का?
- प्रत्येक चिन्हाखाली शब्द आहे का, आणि तो पूर्ण दिसतो का?
- तक्रार करणं, खातं बंद करणं, लॉगआउट होणं या गोष्टी पैसे भरण्याइतक्याच सहज सापडतात का?

शेवटचा प्रश्न ॲप बनवणाऱ्यांइतकाच वापरणाऱ्यांसाठीही आहे. तुमच्या फोनमधलं कुठलंही ॲप उघडा आणि त्यात ‘तक्रार’ किंवा ‘रद्द करा’ शोधा. किती वेळ लागला, ते मोजा. सापडलं नाही तर तुम्हाला ॲप वापरता येत नाही असं समजू नका. ते ठेवणाऱ्याने कुठे ठेवलंय, तेवढं बघा.